‘तोप का सांचा’ ते हेडस्पेस : दख्खनच्या शस्त्रेतिहासातील एका फटीची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले होते. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना मनात अभिमानापेक्षा संकोच अधिक आहे. गुरुजी गणित शिकवीत. वर्गात येताना त्यांच्या खिशात पितळी कॅलिपर असे आणि ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना खपत नसे. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, तेव्हा ते हसून म्हणाले होते, ‘शब्दसुद्धा मोजूनच वापर.’ आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारा नाही असे कुणाला वाटेल. परंतु तो गुरुजींना आवडला असता, याविषयी मला शंका नाही.

विषयाचे बीज एका जुन्या प्रसंगात आहे. १९६६ च्या सुमारास मी इथेच, हैदराबादेत, महाविद्यालयात शिकत होतो. त्या काळी एन.सी.सी. सक्तीची होती. आमच्या हाती .३०३ रायफली येत. त्या आमच्या वयाहून जुन्या. एकदा कवायतीनंतर आम्ही दोघा मित्रांनी रायफली साफ केल्या आणि परत जोडताना माझ्या रायफलीचा बोल्ट त्याच्या रायफलीत व त्याचा माझ्या रायफलीत बसवला. दोन्ही बोल्ट बसले, सरकले, मिटलेही. आम्हांला काहीच वावगे दिसले नाही. आमच्या उस्तादांनी मात्र बोल्टवरचा आकडा पाहिला, नळीवरचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पालटला. त्यांनी आम्हांला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. कारण विचारण्याची तेव्हा प्राज्ञा नव्हती. एवढेच ते म्हणाले, ‘बेटा, दुश्मन सामने होता है, लेकिन यह गलती पीछे से मारती है.’

या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी उमगला. प्रबंधासाठी बखरी आणि ऐतिहासिक पत्रव्यवहार वाचताना तोफा-बंदुकांचे शब्द भेटत गेले, त्या शब्दांमागून त्या वस्तूंची रचना समजून घ्यावी लागली, आणि त्या रचनेच्या गाभ्याशी एक अरुंद फट आढळली. त्या फटीचीच कथा आज सांगावयाची आहे.

१. शब्दांची साक्ष

भाषेच्या अभ्यासकाने आरंभ शब्दांपासूनच करावा. ‘तोफ’ हा शब्द तुर्कीतून आला, ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेने. ‘काडतूस’ हे पोर्तुगीज ‘कार्तूश’चे आपण केलेले रूप, पश्चिम किनाऱ्यावरून तो शब्द घाट चढून आला. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला, आणि त्याचा संबंध थेट आपल्या या प्रांताशी पोहोचतो. फ्रेंच सेनापती बुसी १७५१ ते १७५८ या काळात निजामाच्या दरबारात वजन राखून होता. त्याच्या कवायती पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांच्या चाकरीत गेला आणि १७६१ साली पानिपतावर त्याच्या तोफखान्याने काय केले, हे मराठी माणसाला सांगावयास नको.

परंतु या परकीय शब्दांहून बोलके आहे ते एक अस्सल मराठी क्रियापद : ‘ठासणे’. जुनी बंदूक तोंडाकडून भरीत. आधी दारू, मग बोळा, मग गोळी, आणि हे सर्व लोखंडी गजाने आत दाबून बसवीत. म्हणून ती ‘ठासणीची बंदूक’. ‘ठासून भरणे’, ‘ठासून सांगणे’ या प्रयोगांत ही क्रिया आपल्या बोलण्यात अद्याप जिवंत आहे. आता प्रश्न असा, की ठासावयाचे कशासाठी? आपल्याला वाटते, अधिक दारू मावावी म्हणून. खरे कारण निराळे आहे. गोळी दारूला भिडून बसली पाहिजे. दोहोंमध्ये मोकळी जागा राहता कामा नये. गोळी वाटेत अडकून राहिली आणि मागची दारू पेटली, तर वायूचा दाब त्या मोकळ्या जागेत अशा रीतीने चढतो की नळी फुगते, प्रसंगी फाटते. ‘बार फुसका निघणे’ हा दुर्दैवाचा सौम्य प्रकार होय. खरा घातक प्रकार म्हणजे बार मागे येणे. गजाने ठासणारा शिपाई स्वतःच्या जिवाची ती पहिली खबरदारी घेत असे.

दारूगोळ्याच्या बाबतीत आपल्या पूर्वजांना खबरदारीचे महत्त्व ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरापासून दूर असावा आणि दारू, बाण इत्यादी सामान दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यास ऊन द्यावे, अशी स्पष्ट शिस्त घालून दिलेली आहे. साठवणीची ही जाणीव पक्की होती. मापाची जाणीव मात्र वेगळ्या वाटेने आणि उशिरा आली.

२. थोर तोफांचे युग

दख्खनच्या तोफा म्हटल्या की प्रथम विजापूरची मुलुख-ए-मैदान आठवते. ती १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून अधिक आणि तोंडाचा व्यास सुमारे सव्वादोन फूट. ती काही काळ धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून मुरार जगदेव याने १६३२ साली ती विजापुरास नेली. आपल्या गोवळकोंड्यावरही पेटला बुरुजावर औरंगजेबाच्या १६८७ च्या वेढ्याची आठवण सांगणारी फत्तेह रहबर तोफ आहे. या तोफांपुढे उभे राहिले की मन दबते. एवढा पंचरसी धातू एका दमात ओतणाऱ्या कारागिरांचे कौशल्य जगातील कोणाच्याही तोडीचे होते, यात संशय नाही.

परंतु प्रत्येक थोर तोफ ही एकेकटी होती. तिला नाव होते, लेख होता, कधी सिंहाचे मुख होते; तिच्यासारखी दुसरी नव्हती. तिचा गोळा तिच्यासाठीच घडवावा लागे. दगडाचे गोळे पाथरवट टाकीने घडवीत, लोखंडाचे लोहार तापवून, ठोकून घडवीत. शंभर गोळे घडवले तर शंभरांची मापे थोडथोडी वेगळी होणार, हे ओघानेच आले.

इथे आपली फट प्रथम दृष्टीस पडते. गोळा आणि तोफेची नळी यांच्यामध्ये थोडी जागा ठेवावीच लागते. गोळा गंजतो, नळीत दारूची काजळी साचते. अगदी नेमका बसणारा गोळा दहा बारांनंतर आत जाणार नाही, गेलाच तर वाटेत अडकेल, आणि अडकलेल्या गोळ्याचे फळ आपण पाहिले. उलट, फट मोठी ठेवली तर वायू गोळ्याच्या बाजूंनी निसटतो, गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो, नेम चुकतो, आणि प्रत्येक बारागणिक नळी आतून झिजत जाते. म्हणजे फट हवीही आणि नकोही. किती हवी, हाच प्रश्न.

या प्रश्नाची किंमत गोलंदाजांनी जगभर मोजली. १४६० साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स रॉक्सबरोच्या वेढ्यात स्वतःच्याच तोफेजवळ उभा असताना ती फुटली आणि तो ठार झाला. १८४४ साली ‘प्रिन्सटन’ या अमेरिकन युद्धनौकेवर प्रात्यक्षिकाच्या वेळी तोफ फुटून परराष्ट्रमंत्री अपशर यांच्यासह अनेक जण मेले. राजे आणि मंत्री मेले म्हणून हे प्रसंग इतिहासात नोंदले गेले. ज्या गोलंदाजाचे डोळे गेले, ज्याचा हात मनगटापासून तुटला, तो कोणत्याच बखरीत नाही. बखरकार शत्रूकडील मुडद्यांची गणती करतो. आपल्याच तोफेने मारलेल्यांची करीत नाही.

३. फट मोजणारे लोक

अठराव्या शतकात युरोपात या फटीचा हिशेब मांडण्यास सुरुवात झाली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफशास्त्राच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. गोळ्याचा वेग मोजण्यासाठी लंबकाचे यंत्र योजले. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. त्याच्या काळची इंग्रजी रीत अशी होती, की गोळ्याच्या व्यासाचे वीस भाग केले तर नळीचा व्यास एकवीस भाग असावा. फ्रेंचांचे प्रमाण सव्वीसास सत्तावीस. म्हणजे फ्रेंचांची फट इंग्रजांच्या फटीहून अरुंद होती. चार्ल्स हटन या गणितज्ञाने पुढे प्रयोगाने दाखवून दिले, की या फटीतून दारूची एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ताकद वाया जाते.

फट अरुंद करावयाची तर दोन गोष्टी साधाव्या लागतात : नळी सरळ व गोल हवी आणि गोळे एकसारखे हवेत. पूर्वी तोफ ओतताना मधे मातीचा गाभा ठेवीत. धातूच्या रेट्याने तो किंचित सरकला तरी नळी वाकडी. मारिट्झ या स्विस पितापुत्रांनी तोफ भरीव ओतून नंतर तिला यंत्राने भोक पाडण्याची पद्धत प्रचारात आणली. १७६५ मध्ये ग्रिबोव्हाल याने फ्रेंच तोफखान्याची मापेच नव्याने बांधली. गोळे तपासण्याची त्याची रीत मोठी मार्मिक होती. दोन कड्या असत, एक मोठी आणि एक लहान. मोठ्या कडीतून गोळा गेलाच पाहिजे. लहान कडीतून तो जाता कामा नये. पहिलीतून न गेलेला गोळा अडकणार, दुसरीतून गेलेला गोळा डुगडुगणार, दोन्ही बाद. या दोन कड्या विद्यार्थिमित्रांनी लक्षात ठेवाव्यात. त्या आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

४. ‘तोप का सांचा’

आता आपण आपल्या गावात येऊ. फत्ते मैदानाजवळच्या ज्या वस्तीला आपण गनफाउंड्री म्हणतो, तिचे जुन्या लोकांच्या तोंडचे नाव ‘तोप का सांचा’. मिशेल जोकिम मारी रेमाँ हा गॅस्कनीचा फ्रेंच माणूस. जन्म १७५५ चा. वयाच्या विसाव्या वर्षी तो पाँडिचेरीस आला, म्हैसूरकडे लढला, बुसीच्या हाताखाली राहिला आणि १७८६ च्या सुमारास निजाम अलीखान, दुसरा आसफजाह, याच्या चाकरीत शिरला. त्याने या ठिकाणी तोफा ओतण्याचा कारखाना उभारला आणि कवायती पलटणी तयार केल्या. १७९८ पर्यंत त्याच्या फौजेची संख्या १४,००० च्या घरात गेली. मुसलमान त्याला ‘मूसा रहीम’ म्हणत, हिंदू ‘मूसा राम’. मूसारामबाग हे नाव त्याचेच.

रेमाँच्या कारखान्याचे महत्त्व तोफांच्या आकारात शोधू नये. मुलुख-ए-मैदानच्या पासंगाला पुरेल अशी तोफ तेथून बाहेर पडली नाही, आणि तशी ओतण्याचा त्याचा हेतूही नव्हता. ‘सांचा’ या शब्दातच त्या युगाचा अर्थ भरलेला आहे. साचा म्हणजे एकासारखे दुसरे, दुसऱ्यासारखे तिसरे. लोकांनी त्या जागेला ओतणाऱ्याचे किंवा तोफेचे नाव न देता साच्याचे नाव दिले, हे मला भाषेचा अभ्यासक म्हणून फार सूचक वाटते.

हाच बदल त्या वेळी उत्तरेत आपल्या महादजी शिंद्यांकडेही घडत होता. १७८४ मध्ये दि बॉयन त्यांच्या चाकरीत आला. सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर आग्र्यास त्यांच्यासाठी तोफा ओतीत होता. महादजी १७९४ साली वारले आणि त्यानंतर सुमारे वर्षभराने या दोन्ही तोफखान्यांची गाठ पडली. ११ मार्च १७९५ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे पेशवे आणि निजाम समोरासमोर आले. एका बाजूस परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली मराठ्यांची फौज व तीत शिंद्यांकडील पेराँच्या पलटणी. दुसऱ्या बाजूस रेमाँच्या पलटणी. मराठी मुलखात दोन फ्रेंच शिस्ती एकमेकींवर बार काढीत होत्या! रेमाँच्या पलटणी त्या दिवशी नेटाने लढल्या, असे प्रतिपक्षाच्या इतिहासकारांनीही मान्य केले आहे. परंतु रात्रीच्या गोंधळात निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि तेथे त्याला तह करावा लागला. पेशव्यांच्या निशाणाखाली सर्व मराठे सरदार एकत्र आले, तो हा अखेरचा मोठा प्रसंग.

या साच्यातल्या तोफांची पारख शेवटी त्यांच्या शत्रूने केली. सप्टेंबर १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईत इंग्रज सेनापती लेक याने शिंद्यांच्या ६८ तोफा घेतल्या, तेव्हा त्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची बारकाईने यादी केली. पितळी तोफांवर मथुरा व उज्जैन येथे ओतल्याचे लेख होते. मापे बहुतांशी फ्रेंच होती. आणि कारागिरी कंपनीच्या शस्त्रागारातील कोणत्याही कामाइतकी सफाईदार होती, असा निर्वाळा त्यांनी दिला. काही तोफांच्या पोटात लोखंडी नळी ठेवून तिच्याभोवती पितळ ओतलेले होते, आणि तो सांधा इतका घट्ट की दोन धातूंमध्ये फट दिसेना. आपल्या हाताला कसब कधीच कमी नव्हते. त्याला समान माप मिळाले तेव्हा काय घडू शकते, हे मथुरा-उज्जैनच्या त्या कारागिरांनी दाखवले.

रेमाँ २५ मार्च १७९८ रोजी वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरात ती सारी फ्रेंच फौज शस्त्रे खाली ठेवून विसर्जित झाली. कारखान्याची भट्टी ज्याच्या बळावर पेटली होती तो आधार गेला. सरूरनगरच्या बाजूस टेकडीवर रेमाँच्या कबरीचा उंच पाषाणस्तंभ आहे. फत्ते मैदानाजवळ साच्याचे अवशेष आणि एक नाव एवढे उरले.

५. फट मागे सरकते

एकोणिसाव्या शतकात बंदूक तोंडाऐवजी बुडाकडून भरण्याची कल्पना रुजली. वेळ वाचला, शिपायाला उभे राहून ठासण्याची गरज उरली नाही. परंतु एक नवे संकट जन्मास आले. ठासणीच्या बंदुकीचे बूड बंद असे; फट असे ती पुढे, गोळीभोवती. आता बूडच उघडझाप करणारे झाले, आणि फट पुढून मागे आली, नेमबाजाच्या डोळ्याच्या दिशेला. प्रशियाच्या ड्रायझे बंदुकीच्या बुडातून गरम वायू गळे, म्हणून शिपाई गालाशी लावून नेम धरण्यास कचरत, असे वर्णन आढळते. फ्रेंचांनी १८६६ च्या शासपो बंदुकीत रबराची चकती घालून पाहिली. खरा तोडगा निघाला तो धातूच्या काडतुसाने. कागदी काडतुसाने १८५७ मध्ये हिंदुस्थानात काय उत्पात घडवला, हे आपण जाणतो. गोडसे भटजींच्या प्रवासवर्णनातही काडतुसांची ती वार्ता आली आहे. त्यानंतर काही वर्षांतच कागद गेला आणि पितळ आले.

पितळेचे काडतूस हे केवळ दारूचे पुडके नव्हे. ते बंदुकीचे बूच आहे. बार होताच आतल्या दाबाने पितळेची भिंत फुगते, नळीच्या मागील कप्प्याला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. बार संपताच ती किंचित आकसते आणि टरफल बाहेर निघते. परंतु पितळ फुगावे तेवढेच. ताणले जाऊ नये. काडतुसाचे बूड मागून बोल्टने टेकवून धरावे लागते. काडतूस पुढे जिथे अडते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे जे अंतर, त्याला इंग्रजीत ‘हेडस्पेस’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. मी त्याला बुडाकडची जागा म्हणतो. काडतुसाच्या बुडाच्या जाडीहून ही जागा जेवढी अधिक, तेवढी फट.

फट कमी पडली तर बोल्ट पुरता मिटत नाही. जबरदस्तीने दामटला तर कुलूप अर्धवट राहते. फट अधिक झाली तर काय होते, ते क्षणाक्षणाने पाहू. सुईचा ठोका बसताच काडतूस पुढे ढकलले जाते. दारू पेटते. काडतुसाची पुढची भिंत कप्प्याला चिकटून जागची हलत नाही. बूड मात्र मागच्या रिकाम्या जागेत सरकत बोल्टवर आदळते. चिकटलेली भिंत आणि सरकणारे बूड यांच्या ओढाताणीत पितळ बुडाच्या किंचित पुढे ताणून पातळ होते, आणि ताण मर्यादेबाहेर गेला की तिथेच तुटते. .३०३ काडतुसात दाब दर चौरस इंचास सुमारे १८ ते २० टन इतका असतो. टरफल तुटताच तो वायू पितळेच्या कणांसह मागे उसळतो. मागे असतो तो नेम धरणाऱ्याचा गाल, आणि त्याचा डोळा.

ही फट केवढी? .३०३ काडतुसाला बुडाशी कडा असते. त्या कडेवरच काडतूस अडते. तिच्यासाठीची जागा ०.०६४ इंचाहून कमी असता कामा नये आणि ०.०७४ इंचापर्यंत पोहोचता कामा नये. फरक एका इंचाच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा. आमचे सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. या सुताचेही बारा भाग केले, तर त्यांतील सुमारे एका भागावर शिपायाचा डोळा टांगलेला आहे. वापराने बोल्टचे खांदे झिजतात, जागा हळूहळू वाढते, आणि नुसत्या नजरेला काही दिसत नाही. म्हणून आर्मरर दोन पोलादी मापके वापरतो. एक मापक ठेवून बोल्ट मिटलाच पाहिजे. दुसरे ठेवून तो मिटता कामा नये. ग्रिबोव्हालच्या दोन कड्या इथे पुन्हा भेटल्या, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

६. खडकी आणि इशापूर

या मापांचे खरे मोल समजावयाचे असेल तर नकाशा पाहावा. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. बंगालातील इशापूरचा रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभा राहिला. दोहोंत दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर. खडकीत काडतूस ओढणारा मराठी कामगार आणि इशापुरात बोल्ट घासणारा बंगाली कामगार यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही. त्यांची भाषा एक नाही. तरीही एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत बसते आणि तिसऱ्याच, कुठल्या तरी सीमेवरच्या शिपायाचा डोळा शाबूत राहतो. या तिघांना बांधणारी गोष्ट एकच : ती दोन मापके. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन हे कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले. मापकांचा करार मात्र कंपनी बदलली म्हणून बदलत नाही.

येथे आमच्या त्या बोल्टांचा उलगडा होतो. ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट ज्या त्या नळीशी जुळवून घासून बसवलेला असतो, आणि म्हणून दोहोंवर एकच आकडा कोरलेला असतो. पुढच्या नमुन्यात तर ही जागा नेमकी राखण्यासाठी शून्य ते तीन आकड्यांची, किंचित वाढत्या लांबीची बोल्टची डोकी ठेवलेली असत. आम्ही दोघांनी बोल्ट बदलले तेव्हा कुठे काहीच अडकले नाही, हाच त्यातला धोका होता. न बसणारा बोल्ट आपण होऊन सावध करतो. सहज बसणारा चुकीचा बोल्ट करीत नाही. उस्तादांनी पळवलेल्या पाच फेऱ्या त्या मानाने फारच स्वस्त पडल्या.

ज्या देशांकडे अमाप यंत्रसामग्री होती, त्यांनाही या फटीने सोडले नाही. १७८५ मध्ये ऑनोरे ब्लाँ याने पॅरिसजवळ बंदुकांच्या चापांचे सुटे भाग कसेही उचलून जोडून दाखवले, तेव्हा अमेरिकेचे जेफरसन थक्क होऊन पाहत होते. त्या अमेरिकेची ब्राउनिंग ही जड मशीनगन पहिल्या महायुद्धानंतर जगभर पसरली. पण तिची नळी बदलली की दर वेळी ही जागा शिपायाला हाताने जुळवावी लागे, आणि चुकीच्या जुळवणीने तोफकी जखमी झाल्याचे प्रसंग घडत. ती जागा कारखान्यातच कायमची बांधून टाकणारा नमुना त्यांच्या सैन्याने २०१० नंतर स्वीकारला.

७. समारोप

विद्यार्थिमित्रांनो, शस्त्रांचा गौरव करण्यासाठी मी आज उभा राहिलो नाही. शस्त्राने कुणाला मारले याच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत आणि ऐकाल. मला सांगावयाचे होते ते इतकेच, की शस्त्र ज्याच्या हाती दिले जाते त्याचेही काही देणे लागते, आणि ते देणे मापानेच फिटते. दख्खनने मुलुख-ए-मैदानसारखी तोफ ओतली, तेव्हा कसब शिखरावर होते. ते कसब ‘सांचा’ या शब्दापर्यंत पोहोचावयास अडीचशे वर्षे लागली, आणि पोहोचले तेव्हा साचा परक्याच्या हाती होता. तो परका गेला आणि भट्टी विझली. आपण माप स्वतःचे केले असते, गावोगावच्या लोहाराच्या हाती त्या दोन कड्या असत्या, तर काय झाले असते, याचा तर्क करण्याचे काम मी तुमच्यावर सोपवतो. इतिहासाच्या शिक्षकाला त्याचे उत्तर विचारा. त्याहून चांगले, गणिताच्या शिक्षकाला विचारा.

उद्या गनफाउंड्रीवरून जाल तेव्हा बसच्या पाटीवरचे ते नाव क्षणभर वाचा. तेथे ज्यांनी धातू वितळवला त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ज्यांच्या डोळ्यांची राखण त्या धातूच्या अचूकपणावर अवलंबून होती, त्यांचीही नाहीत. आमच्या गुरुजींच्या खिशातले पितळी कॅलिपर त्यांच्या पश्चात मला मिळाले. ते मी आज या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी सोबत आणले आहे. त्याचे दोन ओठ अजून अचूक मिटतात. कालच पाहिले, मधे फट नाही.